एकच गुठळी, चार मात्रा : पक्षाघाताच्या उपचार-मार्गदर्शिकांचा इतिहास

१/
कल्पना करा. साल २०१८. सत्तर किलो वजनाची एक व्यक्ती जेवताना बोलता बोलता थांबते. उजवा हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते. दोन तासांच्या आत तिला रुग्णालयात आणले जाते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचे निदान होते. हे बॉस्टनमध्ये घडले, तर तिला ६३ मिलिग्रॅम अल्टेप्लेज मिळेल. तोक्योत घडले, तर तेच औषध ४२ मिलिग्रॅम. चीनमधील एखाद्या लहान शहरात कदाचित युरोकायनेजची १० ते १५ लाख एकके. आणि पुण्यात कदाचित टेनेक्टेप्लेजचे १४ मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन.

२/
रोग एक, रक्तवाहिनी एक, गुठळीही एकच. मग औषध आणि मात्रा वेगळी का? चारही ठिकाणचे डॉक्टर आपापल्या प्रदेशातील अधिकृत शिफारशींनुसारच वागत आहेत. चूक कोणाचीच नाही. या भेदाचे उत्तर केवळ वैद्यकशास्त्रात सापडत नाही. ते शोधण्यासाठी पेटंटचे खटले, सरकारी परवाने, औषधांच्या किमती आणि रुग्णालयांची रचना यांचा इतिहास चाळावा लागतो. आजचा थ्रेड त्याविषयी.
(प्रारंभीच स्पष्ट करतो : मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, वैद्य नव्हे. हा लेख वैद्यकीय सल्ला म्हणून वाचू नये.)

३/
आरंभ शब्दांपासून करू. आपल्याकडे आजही म्हणतात, ‘त्यांच्या अंगावरून वारं गेलं’. ‘अर्धांगवायू’ या शब्दातही वायू आहेच. आयुर्वेदाच्या संहितांनी पक्षाघाताची गणना वातव्याधींत केली; तीच कल्पना बोलीत उतरली. ग्रीकांनी याच अवस्थेला ‘अपोप्लेक्सी’ म्हटले, म्हणजे आघाताने कोसळणे. इंग्रजी ‘स्ट्रोक’ हा त्याच कल्पनेचा वारस. कोणी वाऱ्याला दोष दिला, कोणी अदृश्य प्रहाराला. मेंदूतील रक्तवाहिनीचा उल्लेख मात्र कोणत्याच शब्दात नव्हता.

४/
तो उल्लेख आणला शवविच्छेदनाने. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथील वैद्य योहान याकोब वेप्फर याने १६५८ मध्ये अपोप्लेक्सीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. मृतांच्या मेंदूंचे परीक्षण करून त्याने दाखविले की, काहींच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. तसेच मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह अडल्यानेही हा झटका येऊ शकतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुडॉल्फ फिर्शो यांनी गुठळी कशी बनते आणि ती वाहत जाऊन दुसरीकडे कशी अडकते, हे उलगडले. येथून पुढे पक्षाघाताचे दोन प्रकार स्पष्ट झाले : वाहिनी फुटून होणारा आणि वाहिनी अडून होणारा.

५/
हे ज्ञान रुग्णाच्या मृत्यूनंतर उपयोगी होते, जिवंतपणी नव्हे. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, पण उपचार परस्परविरुद्ध. अडलेली वाहिनी मोकळी करण्यासाठी दिलेले औषध फुटलेल्या वाहिनीच्या रुग्णाचा जीव घेऊ शकते. म्हणून पुढील तीन शतके वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. ही कोंडी १ ऑक्टोबर १९७१ रोजी फुटली. लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र टिपले. कवटी न उघडता रक्तस्राव दिसू लागला. आजच्या प्रत्येक मार्गदर्शिकेची पहिली अट ‘आधी मेंदूचे चित्र’ हीच असते. तिची ऐतिहासिक जागा ही.

६/
आता औषधाकडे. काही जिवाणू रक्ताची गुठळी विरघळवतात, हे विल्यम टिलेट यांनी १९३३ मध्ये नोंदविले. त्यातून स्ट्रेप्टोकायनेज आले. पुढे बेल्जियममधील लोवेन येथे देसिरे कोलेन यांनी आपल्या शरीरातच तयार होणाऱ्या अशा एका प्रथिनाचा अभ्यास केला. कॅलिफोर्नियातील जेनेन्टेक कंपनीने जनुकीय तंत्राने त्याचे उत्पादन साधले आणि १९८३ मध्ये त्याचे शोधनिबंधरूप प्रसिद्ध झाले. हेच अल्टेप्लेज. १९८७ मध्ये अमेरिकेने त्याला हृदयविकाराच्या झटक्यासाठी परवानगी दिली. हृदयाची गुठळी विरघळते, तर मेंदूची का नाही, हा प्रश्न ओघानेच आला.

७/
प्रश्न साधा, उत्तर कठीण. स्वस्त स्ट्रेप्टोकायनेजच्या पक्षाघातावरील मोठ्या चाचण्या १९९० च्या दशकात युरोपात आणि ऑस्ट्रेलियात झाल्या. मेंदूतील रक्तस्राव आणि मृत्यू वाढल्यामुळे त्या मुदतीपूर्वीच थांबवाव्या लागल्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९९४ मध्ये तीव्र पक्षाघाताच्या उपचारांवर मार्गदर्शिका काढली, तेव्हा गुठळी विरघळवण्याचा उपचार नित्यवापरासाठी सुचवलेला नव्हता. एका वर्षात चित्र पालटले, पण अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवर दोन तऱ्हांनी.

८/
१९९५ च्या ऑक्टोबरात युरोपातील ‘एकास’ चाचणीचे निष्कर्ष आले. ६२० रुग्ण, झटक्यापासून ६ तासांपर्यंतची मुदत, दर किलो वजनामागे १.१ मिलिग्रॅम मात्रा. एकंदर निष्कर्ष : फायदा सिद्ध झाला नाही. त्यातही एक गुंतागुंत होती. १०९ रुग्ण नियम मोडून चाचणीत आले होते. मेंदूचा मोठा भाग आधीच निकामी झाल्याच्या खुणा सीटीवर असूनही त्या वेळी ओळखल्या गेल्या नाहीत, हे त्याचे मुख्य कारण. यंत्र आले होते. चित्र वाचण्याची नजर अजून घडत होती.

९/
दोनच महिन्यांनी, १४ डिसेंबर १९९५ रोजी, अमेरिकेतील सरकारी संस्था एनआयएनडीएसची चाचणी प्रसिद्ध झाली. ६२४ रुग्ण, मुदत फक्त ३ तास, मात्रा ०.९ मिलिग्रॅम प्रतिकिलो, कमाल ९० मिलिग्रॅम. जवळजवळ निम्म्या रुग्णांना तर दीड तासातच औषध दिले गेले. तीन महिन्यांनी औषध मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोक जवळपास पूर्ववत झाले होते. निष्क्रिय द्रव मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के. पण लक्षणे निर्माण करणारा मेंदूतील रक्तस्राव ०.६ टक्क्यावरून ६.४ टक्क्यांवर गेला होता. मृत्यूचे प्रमाण मात्र वाढले नाही.

१०/
या दोन चाचण्यांतून दोन भूखंडांच्या दोन परंपरा निघाल्या. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९९६ च्या जूनमध्ये परवाना दिला आणि हार्ट असोसिएशनने त्याच वर्षी उपचाराची शिफारस केली. युरोपासमोर मात्र स्वतःच्या चाचणीचे अपयश होते. १९९८ ची ‘एकास-२’ ही ८०० रुग्णांची चाचणीही मुख्य निकषावर अयशस्वी ठरली. कॅनडाने १९९९ मध्ये परवाना दिला, पण प्रत्यक्ष वापराची नोंद ठेवण्याच्या अटीवर. युरोपने २००२ पर्यंत थांबून सशर्त मान्यता दिली. म्हणजे अमेरिकेत आणि युरोपात सहा वर्षांचे अंतर पडले.

११/
युरोपच्या अटी दोन होत्या. पहिली : उपचार घेतलेल्या रुग्णांची नोंदवही ठेवा. दुसरी : ३ तासांपलीकडील रुग्णांवर नवी चाचणी करा. नियामकाच्या या साशंकतेतून जगाला दोन मोलाच्या गोष्टी मिळाल्या. नोंदवहीत १४ देशांतील ६,४८३ रुग्णांची माहिती जमली आणि २००७ मध्ये तिने दाखविले की, चाचणीबाहेरच्या सामान्य रुग्णालयांतही हा उपचार सुरक्षितपणे देता येतो. दुसऱ्या अटीतून ‘एकास-३’ जन्मली. २००८ मध्ये ८२१ रुग्णांच्या त्या चाचणीने ३ ते ४.५ तासांच्या काळातही फायदा सिद्ध केला : ५२.४ टक्के विरुद्ध ४५.२ टक्के.

१२/
येथे इतिहासाने गंमतीचे वळण घेतले. ‘साडेचार तास’ ही युरोपीय मुदत तेथील परवान्यात पुढे समाविष्ट झाली. अमेरिकेत हार्ट असोसिएशनने २००९ मध्ये तीच मुदत सुचविली, पण अमेरिकी नियामकाने परवान्यात ती घालण्यास नकार दिला. परिणामी अमेरिकेत परवाना ३ तासांचा आणि मार्गदर्शिका ४.५ तासांची, अशी दुहेरी व्यवस्था राहिली. उलट युरोपच्या परवान्याने ८० वर्षांवरील रुग्णांना बराच काळ बाहेर ठेवले. अमेरिकेत पहिल्या ३ तासांसाठी वयाची अशी वरची मर्यादा नव्हती. २०१२ मध्ये ३,०३५ रुग्णांच्या ‘आयएसटी-३’ चाचणीत निम्म्याहून अधिक रुग्ण ८० वर्षांवरील होते. वृद्धांनाही फायदा होतो, हे कळण्यास इतका काळ लागला.

१३/
मार्गदर्शिका निर्विवादपणे स्वीकारल्या गेल्या, असा समज करून घेऊ नये. अमेरिकेतील आपत्कालीन विभागांचे अनेक डॉक्टर या उपचाराविषयी दीर्घकाळ साशंक होते. हार्ट असोसिएशनला औषधाच्या निर्मात्या कंपनीकडून मोठ्या देणग्या मिळाल्याचा मुद्दा २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील लेखाने ऐरणीवर आणला. आपत्कालीन वैद्यकाच्या अमेरिकन संघटनेने २०१२ मध्ये या उपचाराला सर्वोच्च दर्जाची शिफारस दिली आणि सभासदांच्या विरोधानंतर २०१५ मध्ये ती एक पायरी खाली आणली. ब्रिटनच्या नियामकानेही शंका उपस्थित झाल्यावर तज्ज्ञांचा गट नेमला. साडेचार तासांपर्यंत फायदा धोक्याहून अधिक आहे, असा निर्वाळा त्या गटाने २०१५ मध्ये दिला.

१४/
आता पूर्वेकडे वळू, कारण सर्वांत बोलका भेद तेथे आहे. जपानमध्ये १९५१ ते १९८० या काळात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हेच होते. त्यात मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून अधिक. अशा समाजात रक्त पातळ करणाऱ्या आणि गुठळी विरघळवणाऱ्या औषधांकडे डॉक्टर सावधपणे पाहणार, हे स्वाभाविक होते. तरीही जपान या शर्यतीत मागे नव्हता. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील संशोधक ड्युटेप्लेज या अल्टेप्लेजच्या जवळच्या औषधाच्या चाचण्या करीत होते आणि कमी मात्रेतही वाहिनी उघडते, जास्त मात्रेत मोठे रक्तस्राव वाढतात, असे त्यांना आढळले होते.

१५/
तेवढ्यात आड आले पेटंट. ड्युटेप्लेजचे उत्पादन पेटंटच्या वादामुळे थांबले आणि जपानी संशोधकांचे औषधच हातातून गेले. १९९६ मध्ये अमेरिकेने अल्टेप्लेजला मान्यता दिली, तेव्हा जपानच्या रुग्णांसाठी पक्षाघातावर असे कोणतेही मान्यताप्राप्त औषध नव्हते. अल्टेप्लेजची चाचणी नव्याने करावी लागली. मान्यता मिळाली ती २००५ च्या ऑक्टोबरात. जवळजवळ एक दशक गेले. त्या दशकात वेळेवर रुग्णालयात पोहोचूनही ज्यांना औषध मिळू शकले नाही, त्यांची नोंद कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही.

१६/
ती जपानी चाचणी, ‘जे-ॲक्ट’, लहान होती. १०३ रुग्ण आणि सर्वांना औषध. तुलनेसाठी दुसरा गट नव्हताच. मात्रा ठरली ०.६ मिलिग्रॅम प्रतिकिलो, ड्युटेप्लेजच्या जुन्या अनुभवावरून. तुलना केली गेली ती पाश्चात्त्य चाचण्यांच्या आकड्यांशी. ३६.९ टक्के रुग्ण जवळपास पूर्ववत झाले, रक्तस्राव ५.८ टक्के. दोन्ही आकडे अमेरिकी चाचणीच्या जवळपास. तेवढ्या आधारावर ०.६ ही जपानची अधिकृत मात्रा झाली. पुढे सात हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींनी तिची सुरक्षितता दाखविली. पण जपानमध्ये ०.६ आणि ०.९ यांची समोरासमोर तुलना त्या वेळी झालीच नाही.

१७/
अनेकदा असे सांगितले जाते की, आशियाई लोकांना रक्तस्राव लवकर होतो म्हणून मात्रा कमी. पण मग चीनच्या आणि भारताच्या शिफारशींत अल्टेप्लेजची मात्रा ०.९ च कशी? म्हणजे ०.६ हा आकडा ‘आशिया’चा नव्हे, जपानच्या इतिहासाचा आहे. २०१६ मध्ये ‘एनचांटेड’ या ३,३०० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दोन्ही मात्रा समोरासमोर ठेवल्या. बहुसंख्य रुग्ण आशियाई होते. कमी मात्रेत धोकादायक रक्तस्राव कमी झाला (१.० विरुद्ध २.१ टक्के), पण अपंगत्व टाळण्यात ती मोठ्या मात्रेइतकीच सरस आहे, असे सिद्ध झाले नाही. आशियाई आणि इतर रुग्णांतही लक्षणीय फरक दिसला नाही. जपानने आपली मात्रा बदलली नाही. दहा वर्षांचा स्वानुभव तिच्या पाठीशी होता.

१८/
चीनची कथा ॲस्पिरिनपासून सुरू करावी लागेल. १९९७ मध्ये दोन प्रचंड चाचण्या एकाच वेळी पूर्ण झाल्या. ‘आयएसटी’ : ३६ देश, १९,४३५ रुग्ण, रोज ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, दोन आठवडे. ‘कास्ट’ : चीनमधील ४१३ रुग्णालये, २१,१०६ रुग्ण, रोज १६० मिलिग्रॅम, चार आठवड्यांपर्यंत. दोन्हींचे उत्तर जवळपास एकच : लवकर दिलेल्या ॲस्पिरिनने दर हजार रुग्णांमागे सुमारे दहा जणांचा मृत्यू किंवा पुन्हा येणारा झटका टळतो. फायदा छोटा, पण गोळी काही पैशांची आणि कोणत्याही खेड्यात मिळणारी.

१९/
आज ब्रिटनची मार्गदर्शिका उघडा : ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम, दोन आठवडे. अमेरिकेची उघडा : १६० ते ३००. चीनची उघडा : १५० ते ३००. या आकड्यांत शरीरशास्त्राचे कोणतेही गूढ नाही. १९९७ च्या दोन चाचण्यांनी जी मात्रा वापरली, तिचा तो ठसा आहे. ज्याने जी चाचणी आपली मानली, त्याने ती मात्रा घेतली. ज्यांनी दोन्ही मानल्या, त्यांनी मधली जागा मोकळी सोडली. एखाद्या शिलालेखातील अक्षरवटिकेवरून त्याचा काळ ओळखावा, तसा या आकड्यांवरून मार्गदर्शिकेचा वंश ओळखता येतो.

२०/
चीनच्या मार्गदर्शिकेत आणखी एक औषध दिसते, जे अमेरिकेच्या आणि युरोपच्या शिफारशींत नाही : युरोकायनेज. अल्टेप्लेज महाग आणि सर्वत्र न मिळणारे. युरोकायनेज स्वस्त आणि देशात बनणारे. चीनने स्वतःच्या चाचण्यांच्या आधारे ६ तासांपर्यंत त्याचा पर्याय खुला ठेवला. जपानच्या शिफारशींत एडाराव्होन हे २००१ पासून मान्यता असलेले औषध आहे. अमेरिकेने ते पक्षाघातासाठी कधीच स्वीकारले नाही, मात्र २०१७ मध्ये एएलएस या दुर्धर आजारासाठी मान्य केले.

२१/
पुरावा कोठून आला, यावर त्याचे वजन ठरते का? २०१३ चे उदाहरण पाहा. चीनमधील ‘चान्स’ चाचणीत सौम्य झटक्याच्या ५,१७० रुग्णांवर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांचा अल्पकाळ एकत्र वापर झाला. पुन्हा झटका येण्याचे प्रमाण ११.७ वरून ८.२ टक्क्यांवर आले. चीनच्या मार्गदर्शिकेने ते तत्काळ स्वीकारले. अमेरिकेने २०१४ मध्ये फक्त कमकुवत शिफारस केली : हा निकाल इतर लोकसमूहांना लागू पडेल का, अशी शंका होती. २०१८ मध्ये प्रामुख्याने अमेरिकेत झालेल्या ‘पॉइंट’ चाचणीत फायदा पुन्हा दिसला आणि २०१९ मध्ये तेथेही ठाम शिफारस झाली. शंका घेणे शास्त्रीयच होते. पण १९९५ च्या ६२४ अमेरिकी रुग्णांचा निष्कर्ष इतरांना लागू होईल का, हा प्रश्न जगातील अनेक देशांनी तितक्या काटेकोरपणे विचारला नव्हता. जपानने मात्र विचारला.

२२/
पुढचा टप्पा गुठळी यंत्राने ओढून काढण्याचा. मांडीतून किंवा हातातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन हे केले जाते. २०१३ मध्ये या तंत्राच्या तीन चाचण्या एकामागोमाग अपयशी ठरल्या. नेदरलँड्सने तेव्हा एक शहाणपणाचा निर्णय घेतला : चाचणीत सहभागी असलेल्या केंद्रांतच या उपचाराचा खर्च विमा देईल. त्यामुळे ‘मिस्टर क्लीन’ चाचणीत १६ रुग्णालयांचे ५०० रुग्ण जमले आणि स्वावलंबी आयुष्य मिळालेल्यांचे प्रमाण १९.१ वरून ३२.६ टक्क्यांवर गेले. २०१५ मध्ये आणखी चार चाचण्यांनी त्यास दुजोरा दिला आणि श्रीमंत देशांच्या मार्गदर्शिका काही महिन्यांत बदलल्या.

२३/
ब्राझीलने घाई केली नाही. जे ॲम्स्टरडॅममध्ये जमते, ते आपल्या गर्दीच्या, अपुऱ्या साधनांच्या सरकारी रुग्णालयांत जमेल का? हा प्रश्न विचारून तेथील आरोग्य मंत्रालयाने ‘रेझिलियंट’ चाचणीस निधी दिला. १२ सरकारी रुग्णालये, २२१ रुग्ण. २०२० मध्ये उत्तर आले : २०.० विरुद्ध ३५.१ टक्के. फायदा जवळपास युरोपाइतकाच. दुसऱ्याचा पुरावा नाकारला नाही आणि डोळे मिटून घेतलाही नाही. स्वतःच्या भूमीवर तो पारखला, मग सार्वजनिक आरोग्यसेवेत उपचार आणला.

२४/
आणि भारत? येथे पुण्याचा धागा येतो. टेनेक्टेप्लेज हे अल्टेप्लेजचेच सुधारित रूप. अल्टेप्लेजची थोडी मात्रा आधी शिरेत टोचून उरलेली तासभर थेंबथेंब सोडावी लागते. टेनेक्टेप्लेज एकाच इंजेक्शनात देता येते. पुण्याच्या जेनोवा बायोफार्मास्युटिकल्सने ते भारतात बनविले आणि २०१६ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी पक्षाघातासाठी, ३ तासांच्या मुदतीत, ०.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो मात्रेत त्यास मान्यता दिली. किंमत अल्टेप्लेजहून कमी. अमेरिकेने पक्षाघातासाठी टेनेक्टेप्लेज मान्य केले ते २०२५ च्या मार्चमध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी.

२५/
हे वाचून छाती फुगवण्यापूर्वी थोडे थांबू. जगातील मोठ्या चाचण्या, उदाहरणार्थ २०२२ ची सुमारे १,६०० रुग्णांची कॅनडाची ‘ॲक्ट’, ०.२५ या मात्रेवर झाल्या. तीच मात्रा आता इतरत्र रूढ आहे. भारताची ०.२ ही मात्रा त्या मोठ्या पुराव्याच्या आधीची, तुलनेने छोट्या पुराव्यावर उभी. म्हणजे आपणही जपानसारखाच स्वतंत्र आकडा निर्माण केला. स्वस्त, सोपे औषध लवकर मिळाले, हे मोठेच. पण हा आकडा मोठ्या चाचणीने पारखायला हवा, ही जबाबदारीही त्यासोबत येते.

२६/
पारखण्याचे महत्त्व आपल्याच एका चाचणीने दाखविले आहे. पुनर्वसन-तज्ज्ञ अपुरे आहेत, तर घरच्या माणसांना शिकवून घरीच व्यायाम करून घ्यावेत, ही कल्पना आपल्या कुटुंबव्यवस्थेला साजेशी वाटते. ‘अटेंड’ चाचणीत भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर ती तपासली गेली. २०१७ मध्ये निष्कर्ष आला : सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत ४७ टक्केच. मनाला पटणारी गोष्ट खरी निघाली नाही. अशी चाचणी न करता शिफारस लिहिली असती, तर कोट्यवधी घरांतील सुना-मुलींवर आणखी एक ओझे पडले असते, विनाउपयोग.

२७/
मग सर्व देशांसाठी एकच मार्गदर्शिका का नको? जागतिक पक्षाघात संघटनेने २०१४ मध्ये वेगळी वाट धरली. तिने सेवांच्या तीन पायऱ्या केल्या : किमान, आवश्यक आणि प्रगत. जेथे सीटी यंत्रच नाही, तेथेही गिळता येते का हे पाहूनच पाणी देणे, रुग्णाला लवकर हलते करणे, घरच्यांना शिकविणे, हे करता येतेच. जागतिक आरोग्य संघटनेने अल्टेप्लेजला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले ते २०१९ मध्ये, अमेरिकेच्या परवान्यानंतर २३ वर्षांनी.

२८/
भेद इतके पाहिल्यावर साम्यही नोंदविले पाहिजे. कोणत्याही प्रदेशाची मार्गदर्शिका उघडा, तीन गोष्टी सारख्याच : आधी मेंदूचे चित्र, पक्षाघातासाठी स्वतंत्र, प्रशिक्षित कक्षात शुश्रूषा, आणि घाई. मोठी वाहिनी अडली असता दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. ०.६ की ०.९, हा वाद महत्त्वाचा खरा. पण रुग्ण पाच तासांनी पोहोचला, तर बहुतेक ठिकाणी या वादातील कोणतीही मात्रा त्याच्या कामाची राहत नाही.

२९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली, तेव्हापासून आपण जुन्या कागदाला ठरावीक प्रश्न विचारायला शिकलो आहोत : हा कोणी लिहिला, कधी, कोणाच्या आधारे, कोणासाठी? मार्गदर्शिका हेही एक साधनच आहे. तिच्या प्रत्येक आकड्याला विचारावे : चाचणीत कोण होते, कोण वगळले गेले? खर्च कोणी केला? औषध कोणाला परवडत होते? ‘साडेचार तास’ हा निसर्गनियम नव्हे. युरोपच्या नियामकाने घातलेल्या अटीचे ते फलित आहे. म्हणून तो आकडा खोटा ठरत नाही. तो कोठून आला, एवढेच आपल्याला कळते.

३०/
आणि हा संशय कोठे थांबवायचा, तेही कळले पाहिजे. मार्गदर्शिकेची चिकित्सा वाचनालयात करावी. रुग्णाच्या उशाशी नव्हे. घरात कोणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर ‘वारं गेलं’ म्हणून तेलमालिश करत बसू नये, सकाळची वाट पाहू नये. लक्षणे सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहावी, महाराष्ट्रात १०८ वर फोन करावा आणि सीटी यंत्र असलेले रुग्णालय गाठावे. या लेखातील हजारो अनाम रुग्णांनी, ज्यांतील कित्येकांना औषधाऐवजी निष्क्रिय द्रव मिळाला होता, हे काही तास आपल्यासाठी मोजून ठेवले आहेत. ते वाया जाऊ देऊ नयेत.

(थ्रेड समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि भर जरूर कळवा; पुढील थ्रेडमध्ये त्यांचा समावेश करीन.)